वरून सुकलेलं तेल

हसनभाईंच्या होडीचं तेल मी बिघडवलं आणि दोष मास्तरांनी घेतला. आधी हे सांगतो, मग मास्तरांविषयी.

आमचे सायन्सचे मास्तर ओळखले जायचे ते अंगठ्याच्या पिवळट, तेलकट नखावरून. होड्यांच्या लाकडाला लावायचं तारली माशाचं तेल ते सुट्टीत घरामागच्या परड्यात कढवत. नुसतं तेल सुकायला फार वेळ घेतं. त्यात योग्य धातूची चिमूट पडली की ते हवा ओढून लवकर घट्ट होतं. कुठला धातू, किती, हे ठरवायला मास्तर फळ्यांच्या तुकड्यांवर नमुने लावत आणि प्रत्येकात नख रुतवून बघत.

वर्गात ते शुद्ध बोलत, "उत्प्रेरक क्रिया घडवतो, स्वतः खर्च होत नाही." परड्यात तेच असं व्हायचं, "अरे, तो लग्नातलो मध्यस्थ! लगीन दुसऱ्याचा, हो जेवन घराक. पण उतावळो मध्यस्थ घेव नको, लगीन मोडता."

मी बी.एस्सी. होऊन त्यांच्याच शाळेत लागलो होतो. माझा हट्ट कोबाल्टचा, त्यांचा भरवसा शिशावर, म्हणजे मुरदाडशिंगावर. "कोबाल्ट वरसून सुकवता, झिला. आत ओला रवता. शिसा सावकाश, पण तळापर्यंत."

एकदा ते बहिणीच्या आजारपणासाठी धामापूरला गेले होते. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. हसनभाई रोज दारात, "मास्तरांचा तेल खंय?" मी कोबाल्ट घालून तेल कढवलं आणि मास्तरांचंच म्हणून दिलं. जमलं की मग सांगू, असं मनात होतं. सकाळी होडी चकचकीत, कोरडी दिसली.

समुद्रात तिच्यावरच्या तेलाची साल सुटली, लाकूड पाणी प्यायलं आणि हसनभाईंचा हंगाम बुडाला. मास्तर धामापूरहून परतल्यावर ते फळीचा तुकडा घेऊन त्यांच्या अंगणात आले. "मास्तर, तुमच्या नावावर होडी पाण्यात घातलंय मी!"

मास्तरांनी सुरकुतलेल्या सालीत नख रुतवलं. ही सुरकुती कोबाल्टची, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चूक माझी, हसनभाई," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "झिला, काय सांगूचा आसा?"

"नाय, मास्तर."

त्यांनी कढई उपडी घातली ती कायमची. कुणी तेल मागायला आलंही नाही. काही वर्षांनी मास्तर गेले, तेव्हा त्यांचं नख चारचौघांसारखं स्वच्छ झालं होतं.

बाराव्याला ओटीवर कुणी म्हणालं, "भला माणूस. त्या होडीत तेवढो हात चुकलो."

मी उठून उभा राहिलो. "मास्तरांचो हात चुकलो नाय. हसनभाई, कोबाल्ट मी घातलंय आणि गप रवलंय. माका माफ करा."

हसनभाई म्हणाले, "माझ्याकडे काय मागतंस? ज्याच्याकडे मागूची, तो गेलो."

मी परड्यात गेलो. गंजलेली कढई उलटून सरळ ठेवली आणि तिच्यापाशी बसलो.

"सांगूचा होता, मास्तर," मी म्हणालो. "चूक माझी."