बाजाराच्या दिवशी बंद केलेलं गेट

मित्रांनो, आज मन लई खराब आहे, म्हणून लिहितेय.

मी पाचोडजवळच्या एका शाळेची नवीन मुख्याध्यापिका. लीडरशिपच्या कोर्समध्ये शिकले होते की निर्णय सगळ्यांना विचारून घ्यायचे. म्हणून मीटिंगमध्ये विचारलं, "उशिरा येणाऱ्यांना गेट बंद करायचं का?" सगळे शिक्षक म्हणाले, "हो मॅडम."

आज बाजार होता. आईचं बांगड्यांचं दुकान मांडून सातवीतली शबाना उशिरा आली. गेट बंद होतं, ती परत गेली.

दुपारी तिचे अब्बा आले. "रहने दो मॅडम. बाजारात तिच्या आईला तिच्याशिवाय जमत नाय. शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाका."

ते गेल्यावर आमच्या शाळेतले पवार सर म्हणाले, "बाजाराला निम्मी पोरं उशिराच येतात."

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"हेडमास्तरला तोंडावर नाय कोण म्हणतं, मॅडम?"

उद्या शबानाचे अब्बा दाखला न्यायला येतील. त्यांना काय सांगू?