सिनेमातली दुसरी खाट

भूतबित या प्रकाराची मी कायम टिंगलच करत आलो. मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. बिघाड असला की जळलेली तार कुठंतरी सापडतेच, हा आयुष्यभराचा अनुभव. पण हे जे घडलं त्यातली तार मला अजून सापडलेली नाही... म्हणून लिहितोय.

धाराशिवला एसटी स्टँडच्या मागं आमची तीन मजली बिल्डिंग आहे. लांब गॅलऱ्या, गजांच्या खिडक्या — मुद्दाम बघायला यावं असं काही नाही. पण काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमात ती सरकारी दवाखाना झाली, सिनेमा तुफान चालला, आणि अजूनही लोक आमच्या जिन्यात सेल्फी काढतात. हिरोचा बाप ज्या वॉर्डात मरतो, तो वॉर्ड म्हणजे आमची बाहेरची खोली! भिंती अर्ध्या हिरव्या रंगवल्या, दोन लोखंडी खाटा टाकल्या, दुसरी खिडकीखाली. दुसऱ्या खाटेवर पेशंट म्हणून घरातलं कुणीतरी झोपा, असं डायरेक्टर म्हणाले. माझी बायको सुनंदा लगेच पदर खोचून तयार. पण आमच्याकडं राहणारी माझी आत्या आडवी आली.

"सुनंदे, जित्या माणसानं आजाऱ्याच्या खाटंवर निजू न्हाय. अपशकुन असतो."

सुनंदा हिरमुसली, पण मोठ्यांचा शब्द तिनं कधी मोडला नाही. खाट रिकामीच राहिली. टॉकीजमध्ये ती रिकामी खाट दिसली तेव्हा आम्ही केवढे हसलो होतो...

अपशकुन टाळूनही दोन वर्षांत सुनंदा कॅन्सरनं गेली. त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली. तिचा हलता-बोलता एकही व्हिडिओ माझ्याकडं नाही. त्या सिनेमात तेवढी राहिली असती, हे आजही मनातून जात नाही.

मध्यंतरी एका शुक्रवारी दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. तामलवाडीचे, हातात स्टीलचा डबा.

"माजं पोरगं हितं अ‍ॅडमिट हाय. डबा आणलाय."

"मामा, हा दवाखाना नाही. इथं फक्त शूटिंग झालं होतं."

"ठावं हाय. पोरगं जाऊन लई दिस झालं... पर पिच्चरमंदी हितंच निजलंय न्हवं?"

त्यांचा भ्रम घालवावा म्हणून मी वैतागूनच मोबाइलवर तो सीन लावला. आणि तिथंच थांबवला. दुसऱ्या खाटेवर एक तरुण पोरगा होता — कुशीवर, डोळे उघडे. शेजाऱ्यांना दाखवलं, तर म्हणाले, "हा होताच की आधीपासून!"

मामा दर शुक्रवारी येऊ लागले. खाट होती त्या जागी डबा उघडून बसत, भिंतीशी गप्पा मारत, आणि निघताना म्हणत, "येतो रं बाळा." आपल्याकडं दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. ते मात्र आवर्जून म्हणत.

मीही रोज तो सीन लावू लागलो. दुसऱ्याचं गेलेलं माणूस दिसतं, मग माझी सुनंदा का नाही? ती तर याच खोलीत गेली! शेवटी एका शुक्रवारी मामांसमोरच रडलो.

"मामा, ती जागा माझ्या बायकोची होती."

त्यांनी भरला डबा बाजूला सरकवला. मग भिंतीकडं वळले.

"बाळा, ऊठ जरा. काकूला निजू दे."

मी "नको, मामा!" म्हणेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं.

आम्ही दोघांनी मिळून सीन लावला. खाट रिकामी. वर घडी घातलेली चादर, टॉकीजमध्ये पाहिली होती तशीच. पोरगा नाही, सुनंदाही नाही. मामांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावला. पुन्हा लावला...

शेजारी आता म्हणतात, ती खाट रिकामीच होती की पहिल्यापासून. पोरगा आला कसा, गेला कुठं, मला काही सांगता येत नाही. कुणाला कळलं तरी आता त्याचा काय उपयोग? माझ्या हावरेपणानं त्या माणसाचा मुलगा दुसऱ्यांदा गेला, एवढंच मला कळतं. मामांनी डबा तसाच पिशवीत ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चपला घालून जिना उतरले. मी कठड्याला धरून वाट बघत होतो. ते 'येतो' म्हणाले नाहीत.