रुपरावांचा एकतर्फी फोन

इतवारीतल्या भांड्यांच्या ठोक बाजारात रुपरावांइतका बोलका माणूस नाही. समोरच्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आत ते आपलंच घोडं पुढे दामटतात. या गृहस्थाने इंटरनेटवरचा फोन घेतला आणि धंद्याचं बोलणं त्याच्यावरच, असा नियम केला. कन्हानचं दुकान धाकटा भाऊ धोंडबा पाहतो. त्याला रुपराव खणखणीत ऐकू यायचे, पण त्याचा एक शब्द इकडे पोचत नव्हता. रुपरावांच्या ते महिनाभर लक्षातही आलं नाही. उलट भाऊ उलटून बोलायचा थांबला म्हणून त्यांनी पेढे वाटले. शेजारचं दुकान माझं, त्यामुळे मीही एक खाल्ला.

तिकडे धोंडबा ओरडत होता, "दादा, तांब्याच्या बाटल्या पाठवू नका, इथं सैपाकाचे गंज, मोठे पातेले पाहिजेत!" बाटल्या येतच राहिल्या. शेवटी तो बायकोला म्हणाला, "एक डाव तरी माह्यं ऐकलं तर ठीक, नाही तं दसऱ्यापासून दुकान वेगळं." आणि फोन दुरुस्त करणाऱ्या भैरवीला त्यानेच इतवारीत धाडलं.

"फोन तं मस्त चालून राहिला. तुले कोणी बोलावलं वं?" रुपरावांनी विचारलं.

भैरवीने सेटिंग उघडून पाहिली. "काकाजी, तुमचा फोन कन्हानले आपला आतलाच पत्ता सांगते, जसं मागच्या गोदामातली तिसरी फळी. ना दुकानाचं नाव, ना गल्ली. टेम्पोवाला माल कुठं उतरवणार? धोंडबाभाऊचा आवाज तसाच बाहेर भटकून राहिला."

"मंग हा राउटर काहून घेतला?"

"तो दारावरचा माणूस. आतलं बाहेर जाऊ देते. बाहेरून आलेलं कोणाले द्यायचं, ते त्याले सांगा लागते."

तिने फोनला दुकानाचा बाहेरचा पत्ता दिला, राउटरला आवाज कुठे पोचवायचा ते सांगितलं आणि कन्हानला फोन लावला.

"धोंडबा, उद्या आणखी दोन पेट्या बाटल्या..."

"दादा, नका पाठवू."

रुपराव दचकले. मला वाटलं, आता ऐकतील.

"महिन्याभरापासून सांगून राहिलो, इथं बाटल्या खपत नाहीत. ऐकू येऊन राहिलं न?"

"येऊन राहिलं. पण आधी माह्यं ऐक! तुले धंद्यातलं काय समजते?" आणि गाडी सुरू झाली. ती थांबल्यावर धोंडबाने विचारलं,

"झालं, दादा? दसऱ्यापासून माह्यं दुकान वेगळं." त्याने फोन ठेवला.

रुपराव रिसीव्हर धरून बसून राहिले. मला त्यांची खरंच कीव आली. ते भैरवीला म्हणाले, "हे पहिल्यासारखं करता येते का वं?"

"फोनचं येते, काकाजी," ती पिशवी उचलत म्हणाली.