तिसरीला काहीच द्यायचं नाही

रेणापूरजवळच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या वर्षी आमचे मुख्याध्यापक लातूरहून प्रशिक्षण घेऊन आले ते डोक्यात एकच प्रश्न घेऊन. कशावर खर्च केला म्हणजे लेकरं जास्त शिकतात?

आल्या आल्या त्यांनी वाटणी केली. गावानं वर्गणी काढून घेतलेला टीव्ही पाचवीला. देवळातून भाड्यानं आणलेल्या भोंग्यावर रोज सकाळी पाढे, ते चौथीला. माझ्या तिसरीला काहीच नाही.

"मॅडम, तुलनेसाठी एक वर्ग कोरा लागतो," ते म्हणाले.

मी वर्गात जाऊन सांगितलं की आपण कोरे आहोत. पोरांना ते फारच आवडलं.

आधी सगळ्यांची चाचणी झाली होती, दिवाळीपूर्वी पुन्हा एक झाली. सगळ्यांत जास्त गुण वाढले तिसरीचे. सरांचं सूत्र होतं, वाढलेले गुण भागिले खर्च. तिसरीचा खर्च शून्य. कॅल्क्युलेटरवर एररचं ई हे अक्षर उमटलं आणि हलेना. सरांनी सेल काढून परत घातले. मग किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर मागवला. त्यावरही ई.

शेवटी ते माझ्या वर्गात आले आणि पोरांनाच विचारलं, हे झालं कसं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, चौथीचे पाढे भिंतीतून ऐकू येतेत. आन् सुट्टीत आम्ही पाचवीच्या खिडकीतून टीव्ही बघायलोत. पाचवीवाले भोंगा लागला की टीव्हीचा आवाज वाढवतेत. चौथीवाल्यांचा घसा बसलाय. आम्हाला काहीच न्हाई, म्हणून आम्ही दोन्ही घेतलं."

सर कॅल्क्युलेटर खिशात घालून निघून गेले. पण गावभर बोभाटा झालाच. दुसऱ्या दिवशी पाचवीचे पालक आले आणि आमच्याही लेकरांना काहीच देऊ नका म्हणून बसले. सरांनी फळ्यावर आकृत्या काढून तासभर समजावलं. पालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना टीव्ही उचलून ग्रामपंचायतीत नेऊन ठेवला.

सरांचा चेहरा बघवेना. मी डब्यातली शेंगापोळी पुढं केली. अर्धी खाऊन होईपर्यंत त्यांना जरा हुशारी आली.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "हेच शिक्षकांवर करून बघावं म्हणतो."