पस्तान्याचं गाठोडं

झटक्याची घोडागाडी दारात उभी होती, घोडा खूर आपटत होता आणि अप्पा घड्याळाकडे बघून ओरडत होते, "साडेदहाच्या आत उंबरा ओलांडा! राहुकाळ लागला तर मी कोणाला हलू द्यायचा नाही!" तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, तुंगे. परकर वर धरून घर ते झटका आणि झटका ते घर अशा तुझ्या उगाचच खेपा चालल्या होत्या. अम्मा दहीभाताच्या डब्याला तिसऱ्यांदा फडकं बांधत होती. आणि मी, एकोणीस वर्षांचा तुझा अण्णा, नवे बूट चावत असताना हसरं तोंड करून उभा होतो. कुंभकोण सोडून मी पुण्याला निघालो होतो, विमान चालवायला शिकायला. आपल्या गल्लीत तोवर सायकल चालवणारेसुद्धा चारच होते.

तू मागच्या पत्रात लिहिलंस, की हे सगळं एकदा नीट लिहून काढ, कारण तिरुनागेश्वरम्‌ला तुझ्या सासरी कोणी खरं मानत नाही. घे तर. एक नक्कल कलकत्त्याला गोपूलाही पाठवतोय. आपला सख्खा चुलतभाऊ, पण ही गोष्ट तो वाटेल तसं तिखटमीठ लावून सांगतो, आणि वर आपण स्वतः त्या दिवशी स्टेशनवर होतो असंही ठोकून देतो. नव्हता! त्याला त्या दिवशी कांजिण्या झाल्या होत्या.

मुळात अप्पा विमानाला तयार कसे झाले, तिथूनच सांगतो. अप्पा पापनाशम्‌च्या तालुका कचेरीत हेडक्लार्क. रोज सकाळच्या गाडीने पापनाशम्, संध्याकाळच्या गाडीने परत, एवढाच त्यांचा प्रवास. "कागद आधी, माणूस मागून," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. इंटर पास झाल्यावर मी पायलट व्हायचं म्हटलं, तेव्हा चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. अम्मा मात्र बोलली. "जमिनीवर काय जागा संपली होय रे, माधवा?" पाचव्या दिवशी अप्पांनी कचेरीतून एक नवी फाइल आणली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चि. माधव यांचे आकाशगमन'. फाइल उघडली म्हणजे अर्धी लढाई जिंकली, हे मला ठाऊक होतं.

शिकवणाऱ्या जागा तीन होत्या. मद्रासला एक क्लब, पुण्याबाहेर माळावर एक क्लब, आणि पार उत्तरेत सरकारी शाळा. अम्माचं मन मद्रासकडे, कारण तिथे तिची मावशी जेवायला घालणार. माझं मन कुठेही, फक्त वर जायला मिळू दे. अप्पांनी मात्र तिन्ही ठिकाणी एकच पत्र धाडलं, कचेरीच्या इंग्रजीत, तीन प्रश्नांचं. तुमच्याकडे शिकलेल्या किती जणांना लायसन्स मिळालं? तुमच्याकडे कोणी पडलं आहे काय? आणि तिसरा प्रश्न अम्माने घालायला लावला, जेवणात दही मिळतं काय? मी हातापाया पडलो की दह्याचं तेवढं खोडा, लाज जाईल. अप्पा म्हणाले, "दही न खाणाऱ्याने पुसायला नको, खाणाऱ्याने पुसायला लाज कसली?"

मद्रासहून सुरेख छापील पुस्तिका आली. उत्तरेहून फॉर्म आला. पुण्याहून मात्र क्लबच्या सेक्रेटरीचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र आलं. मागच्या तुकडीत बहुतेकांना लायसन्स मिळालं, दोघांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली, एकाने नाद सोडला. होय, एक विमान उसाच्या फडात उतरलं. मुलगा चालत परत आला आणि चहा प्यायला. चूक त्याची होती आणि ती त्याला दाखवून दिली आहे. दही रोज मिळतं.

उसाचं ऐकून अम्मा रडायलाच बसली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जो पडल्याचं लपवत नाही, त्याच्याच हाती पोर द्यावं," म्हणाले. मग जरा वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "शिवाय पुणं आपलंच. वाडवडील तिकडूनच मराठा राजांबरोबर इकडे आले. हा जात नाही, परत जातोय." असं शाळा निवडणं मी पुढे कुठे पाहिलं नाही, आणि माझ्या मते त्याहून चांगली रीतही नाही.

आता पस्ताना. गोपूची मुलं कलकत्त्यात वाढतायत, त्यांच्यासाठी सांगतो. प्रवासाचा मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी असं झालं, तर मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवून यायची. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघायच्या दिवशी वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि मागे न बघता पुढे जायचं. माझा मुहूर्त बुधवारचा निघाला, गाडी शुक्रवारची. बाकीचे लोक पस्तान्यात एखादं उपरणं ठेवतात. अप्पांना ते पटेना. "ज्या कामाला जातोय त्याचीच वस्तू हवी." म्हणून त्यांनी माझी सगळी सर्टिफिकिटं, जन्माचा दाखला, डॉक्टरचा दाखला, अक्षता, हळकुंड आणि सुपारी असं एका पिवळ्या फडक्यात बांधलं आणि सात घरं पलीकडे सौंदरम् मामींच्या तिण्णैवरच्या कोनाड्यात, म्हणजे त्यांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात, ठेवून आले. मामींनी ते जपून आत नेऊन ठेवलं. तिथेच घोटाळा झाला.

शुक्रवारी झटका सुटला तो राहुकाळाच्या धाकाने भरधाव. तुला वाटलं अम्माने उचललं, अम्माला वाटलं अप्पांनी, अप्पांना वाटलं मी. मला तर काहीच वाटलं नाही, मी बुटांच्या काळजीत. गाडी फलाटावर आली, मी चढलो, गार्डाने हिरवं निशाण दाखवलं, आणि अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "गाठोडं?"

मी दाराशी धावलो आणि एक पाय पायरीवर ठेवला. सोमवारी पुण्यात मूळ कागद दाखवायचे होते, नाहीतर जागा गेली. उतरणारच होतो, पण अप्पांनी दोन्ही हातांनी छातीवर ढकलून मला आत लोटलं. माझ्या अप्पांनी, ज्यांनी जन्मात कोणाला धक्का दिला नव्हता! गाडीबरोबर चालत ते ओरडले, "पस्ताना ठेवला म्हणजे तू निघालास! मागे फिरायचं नाही! माणूस आधी, कागद मागून!" अख्खा जन्म जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं, भर फलाटावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या वेळी मला वाटलं की सगळं संपलं.

पुढचं तूच मला सांगितलंस. मामींच्या दाराला कुलूप, त्या भजनाला मरुदानल्लूरला गेलेल्या. अप्पा त्याच झटक्याने तिकडे. भजन चालू असताना मामी उठेनात, म्हणून अप्पा दोन तास टाळ वाजवत बसले, आणि मग किल्ली मिळाली.

इकडे सोमवारी मी सेक्रेटरींच्या टेबलासमोर मोकळ्या हातांनी उभा. मिशाळ माणूस, लष्करातून आलेला. खोटं सांगावं का, असं मनात येऊन गेलं. पण उसाच्या फडाचं पत्र आठवलं आणि पस्तान्याची सगळी हकीकत सांगून टाकली. ते हसले नाहीत. "माझी आजी ठेवायची," म्हणाले. "तुमच्याकडे अजून आहे म्हणायचं. पण नियम तो नियम. बुधवारी संध्याकाळी पाचला यादी बंद करतो. कागद नसले तर जागा पुढच्या मुलाची." मंगळवारी अप्पांची तार आली, 'कागद निघाले'. बाकीची पोरं जाता-येता विचारायची, "काय मद्राशी, आलं का गाठोडं?" कुंभकोणात लोक आपल्याला रायर म्हणायचे, बाहेरून आलेले. पुण्यात मी मद्राशी. परत आलेला म्हणून कोणी ओळखलं नाही, तुंगे. ते मला फार लागलं.

बुधवारी दुपारी मी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी बसलो होतो. माळावरून एक टांगा आला. त्यातून आधी पागोटं उतरलं, मग बंद गळ्याचा कोट, मग छातीशी धरलेलं पिवळं गाठोडं. अप्पा! पापनाशम्‌च्या पुढे न गेलेले अप्पा दोन गाड्या बदलून पुण्यात! सोमवारी सकाळी कचेरीत रजेचा अर्ज देऊन, तो मंजूर करून घेऊन, मगच निघाले होते. मी पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, "अप्पा, पोस्टाने का नाही पाठवलंत?"

"ज्याने ठेवला त्यानेच उचलावा. पोस्टमनने ठेवला होता काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुला कोणाच्या हवाली केलंय ते बघायचं होतं."

गाठोडं सेक्रेटरींच्या टेबलावर सुटलं. अक्षता फायलींवर सांडल्या. माझ्या इंटरच्या सर्टिफिकिटाचा एक कोपरा हळदीने पिवळाधमक झाला होता. सेक्रेटरींनी तो निरखून बघितला आणि यादीत माझं नाव लिहिलं. पाचाला वीस मिनिटं कमी होती.

मग अप्पांना विमान बघायचं होतं. दोन मजली पंखांचं, दोन माणसांचं छोटं विमान शेडमध्ये उभं होतं. अप्पांनी बोटाने पंखावर टकटक केली आणि दचकले. कापड! विणकरांच्या गावचा माणूस, बोट लावल्याबरोबर कळलं. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "हें वस्त्र आहे?" मिस्त्री म्हणाला, हो, वरून डोप नावाच्या रोगणाचा हात दिलाय. अप्पांनी पंखाच्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवलं. "घट्ट विणलंय," म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या अम्माला सांगू नकोस, कापड आहे म्हणून." तिला आजही विमान लोखंडाचं वाटतं. तूही बोलू नकोस हो.

मेसमध्ये त्यांनी दही चाखलं. "आंबट आहे," म्हणाले. "पण आहे." रात्री आम्ही स्टेशनवर बाकावर बसलो होतो. टांगेवाल्यानेही त्यांना मद्राशीच म्हटलं होतं. अप्पा म्हणाले, "हें आपलं गाव नव्हे रे, माधवा. आपलं ते तिकडेच, कावेरीकाठी. पण शाळा चांगली आहे. शीक." माझ्या हातात पस्तान्याची सुपारी ठेवली आणि गाडीत चढले.

शिकलो. एकट्याने पहिल्यांदा वर गेलो तेव्हा पुढची, शिकवणाऱ्याची सीट रिकामी बघून इतका ओरडलो की घसा बसला. पुढे मोठं लायसन्स मिळालं, आणि आता तीन वर्षं हैदराबादेत आहे, डाकोटा विमानावर को-पायलट. रोस्टर सांगेल तिथे झोपतो, ब्रेकफास्टला अंडं दिलं तर 'नक्को' म्हणतो, आणि अम्माच्या सांबारासारखं सांबार करायचा प्रयत्न केला की खोलीतले सोबती खिडक्या उघडतात. सुपारी फ्लाइंग बॅगेत आहे. एकदा त्रिचीला जाताना कॅप्टनने मला खाली बघू दिलं. घर काही सापडेना. मग महामहम्‌चं तळं दिसलं, तिथून देवळाचं गोपुर, तिथून बोटाने गल्ल्या मोजत आलो आणि मामींच्या घराशी थांबलो. तिथून आपलं सातवं. एवढ्यात ढग आला.

मागच्या महिन्यात अप्पांचं पत्र आलं. आता निवृत्त झालेत, वेळच वेळ. अम्मासकट हैदराबादला यायचंय, मद्रासहून विमानाने, आणि मी चालवत असेन त्याच विमानाने. पण आधी तीन प्रश्न, नंबर घालून. चालक कोण? तुमच्याकडे कोणी पडले आहे काय? दही मिळेल काय?

दोन दिवस मला उत्तर लिहवेना. कारण मागच्या वर्षी हवेत आमचं एक इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्यावर सुखरूप उतरलो, पण घरी मी चकार शब्द लिहिला नव्हता. खुशाल आहे, हवा छान आहे, असलीच पत्रं चालली होती. पुण्याच्या त्या माणसाने आपल्या अप्पांना, मुलखाच्या अनोळखी माणसाला, खरं लिहिलं आणि मी पोटचा मुलगा असून लपवलं. घर सोडलेल्या माणसांची ही खोड असते, तुंगे, गोपूला विचार. घरच्यांना घोर नको म्हणून आपण गोड गोड लिहीत जातो आणि हळूहळू घर म्हणजे नुसता पत्ता उरतो. मला तसं नको होतं. आता अप्पा येणारच नाहीत, अम्मा नोकरी सोड म्हणेल, अशी धाकधूक होतीच. तरी लिहिलं. एक, चालक कॅप्टन, फार अनुभवी. मी त्यांच्या शेजारी. दोन, होय, एक इंजिन बंद पडलं होतं. असं झालं, असं केलं, असे उतरलो. तुम्हाला कळवलं नाही ही माझी चूक. तीन, दही मिळेल, मी स्वतः लावीन.

आठ दिवस काही नाही. मी रोज पोस्टात चौकशी करायचो. काल तार आली. इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द, तारमास्तरला काय कळले असतील देव जाणे.

'पस्ताना ठेवला.'

मी खोलीतल्या सोबत्यांना मिठ्याच मारल्या. तर तुंगे, सासूबाईंना विचारून दोन दिवस माहेरी जा. गाठोडं सौंदरम् मामींकडेच असणार. या वेळी ते झटक्यात चढलं का, ते तू बघ.