जबडा बांधलेला, इंदू अंगावर पिणारी

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "बाई, मँडिबल फ्रॅक्चर आहे. दोन जागी." मँडिबल म्हणजे खालचा जबडा. आता वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकायचे आणि सहा आठवडे तसेच ठेवायचे, असं त्यांनी सांगितलं. तोवर लिक्विड डाएट, म्हणजे चावायचं काही नाही, पोटात जाईल ते सगळं पातळ.

मला बोलता येत नव्हतं. मी सासूबाईंच्या मांडीवरच्या इंदूकडे बोट दाखवलं. इंदू चार महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. डॉक्टरांना कळलं. ते म्हणाले, "तुमच्या पोटात पुरेसं गेलं तर दूध येईल. पण बांधलेल्या तोंडानं पोट भरणं सोपं नाही. दर सोमवारी दोघी वजनाला या."

ज्यांच्यावर अशी पाळी येईल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इंदूच्या आधी मला मुलगा झाला होता. तेव्हा मला टायफॉईड झाला, दूध आटलं, त्याला वरच्या दुधावर ठेवलं. त्याला हगवण लागली आणि आठ दिवसांत तो गेला. त्यामुळे तुटलेल्या जबड्याची मला फारशी फिकीर नव्हती. माझं सगळं लक्ष दुधाकडे होतं.

जबडा मोडला तो हुडकेश्वरच्या रस्त्यावर. नणंदेच्या घरी हुरडा खाऊन बैलांच्या दमणीतून परत येत होतो. चाक रस्ता सोडून नालीत गेलं आणि दमणी कलंडली. माझे दोन्ही हात इंदूभोवती होते, त्यामुळे हनुवटी थेट दमणीच्या फळीवर आपटली. इंदूला खरचटलंसुद्धा नाही. ती रडली ती भूक लागली म्हणून, आणि मी तिला तिथेच, रक्त पुसत पुसत पाजलं.

तारा बांधायला दोन तास लागले. इंजेक्शननं तोंड बधिर केलं होतं, तरी दातांभोवती तार पिळताना होणारा करकर आवाज थेट कानात शिरत होता. मग डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या हातात एक कटर दिला. उलटी झाली तर समोरच्या उभ्या तारा लगेच तोडायच्या, नाहीतर बाई गुदमरेल, असं बजावलं. आमचे हे हातमागावर बसणारे माणूस, जबाबदारी दिली की अंगाला बांधून घेणारे. त्यांनी कटर खरोखरच करदोड्याला बांधला. दुसऱ्या दिवशी कामानिमित्त सीताबर्डीला गेले तर कटरही सोबत गेला. मी घरी आणि कटर सीताबर्डीत! सासूबाईंनी त्यांची जी खरडपट्टी काढली ती ऐकून मला फार बरं वाटलं. त्यानंतर कटर माझ्या खाटेजवळच्या खिळ्याला टांगला.

प्यायला फीडिंग कप मिळाला होता. किटलीला असते तशी त्याला तोटी, आणि तोटीला रबरी नळी. माझी उजवीकडची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली होती. डॉक्टर म्हणाले होते की ही खिडकी देवानंच ठेवली आहे, नळी इथून आत घाला. पण पहिले दोन दिवस दूध तोंडात कमी आणि हनुवटीवरून पदरात जास्त जात होतं. ओठ सुजलेले, ओढायचं कसं ते समजेना. मी रडकुंडीला आले.

तिसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या ह्यांना मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा भरताना पाहिलं. धोट्यात धाग्याची कांडी बसवली की धाग्याचं टोक भोकाशी आणून पलीकडून ओठांनी ओढून घ्यावं लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दिवसाला कितीतरी धोटे असे ओढलेले. त्यात जोर दातांचा नसतो, गालांचा असतो. मी नळी धोट्यासारखी धरली आणि तसंच ओढलं. दूध सरळ घशात गेलं. तुम्ही विणकर नसलात तरी एवढं ध्यानात ठेवा की दातांना विसरायचं आणि गालांनी ओढायचं.

ओढता आलं, पण ओढायचं काय? सासूबाईंच्या हिशेबी आजारी माणसाला पेज. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेजेचं वरचं पाणी. मध्ये थोडं दूध आणि संत्र्याचा रस. माझ्या पोटात आगडोंब उसळला होता. मी पाटीवर लिहिलं, "रस्सा." चौथीपर्यंत शिकले होते त्याचा हा मोठाच उपयोग झाला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, ह्यांनी वाचून दाखवलं.

"दूध पाजणारीले रस्सा देऊ काय वं? पोरीच्या पोटात आग होईन," त्या म्हणाल्या.

मी चमचा ताटावर आपटला. एरवी त्यांच्या एका शब्दाला माझे चार असत, आता चमच्याशिवाय काही हाती नव्हतं. त्यांनी पेजेचा कप पुढे सरकवला.

पहिल्या सोमवारी इंदूचं वजन पाच औंस उतरलं. नर्सनं काटा दोनदा पाहिला. डॉक्टर म्हणाले, "अजून एक आठवडा बघू. नाहीतर डब्याचं दूध सुरू करावं लागेल." मला मुलाचा चेहरा दिसायला लागला आणि मी तिथेच हुंदके द्यायला लागले. बांधलेल्या तोंडानं रडू नका, नाक चोंदतं आणि श्वास अडकतो. डॉक्टरांनी मला सरळ बसवलं, ह्यांनी मला काय काय देतो ते सांगितलं, आणि मग डॉक्टर सासूबाईंकडे वळले.

"आजी, ही आजारी नाही. हिचं फक्त हाड मोडलंय. भूक शाबूत आहे. तिखट कमी घाला, पण मटण घाला."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी मटण आणायला सांगितलं. त्यांनी ते शिजवून शिजवून गाळ केलं, पाट्यावर वाटलं आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. त्यातून मटणाचा एक तंतू आला आणि माझ्या तारांत अडकला. अर्धा तास मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या तेव्हा निघाला. जाड कापड घेतलं तर नुसतं पाणी खाली येई आणि सत्त्व वरच राही.

हे सगळं आमचे हे बघत होते. ते उठले आणि मागावर बसले. मागावर उरलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, ते ओवायच्या फणीत एकेक घर रिकामं सोडून, त्यांनी हातभर विरळ फडकं विणलं. लुगड्यापेक्षा मोकळं, चाळणीपेक्षा बारीक. माझ्यासाठी इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही विणलं असेल! फडकं हातात धरून ते उभे राहिले तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सासूबाईंनी त्यातून कढत रस्सा ओतला. खाली उतरली ती घट्ट, चकचकीत लापशी. कप भरला, नळी तुंबली. आम्ही तिघंही बघत राहिलो. मग ह्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं, खळ काढाचीच राहून गेली."

ताण्याच्या धाग्याला भाताची खळ लावलेली असते, आणि ती कढत रश्शात सगळीच्या सगळी उतरली होती. जन्म मागावर गेला आणि एवढं विसरले! मी हसले. बांधलेल्या तोंडाचं हसू नाकातून फुर्रकन बाहेर येतं आणि जबड्यात कळ जाते, पण मला थांबता येईना. सासूबाईही हसल्या. दुपारी फडकं तीनदा उकळून धुतलं, आणि संध्याकाळी मी अख्खा कप रस्सा प्याले.

त्यानंतर आमचं घर त्या फडक्यावर चाललं. दिवसातून सहा वेळा प्यायचे, भूक असो वा नसो. तुरीचं वरण तूप घालून. दुधात अळीव शिजवून, वाटून. शेंगदाण्याचं दूध. एका दिवसाआड रस्सा, आणि सासूबाई दर खेपेला गुपचूप चिमूटभर तिखट वाढवत. प्रत्येक कपानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. यात आळस केला तर हिरड्या पिकतात, एकदा केला आणि भोगलं.

दुसऱ्या सोमवारी इंदूचं वजन तेवढंच राहिलं. उतरणं थांबलं, म्हणून डॉक्टरांनी डब्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या सोमवारी सहा औंस वाढलं. त्या दिवशी शेजारीण काचेची बाटली घेऊन आली होती, पोरीला वरचं दूध पाजायला. सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं.

"माह्या सुनेचं तोंड बांधलं आहे, दूध नाई बांधलं," त्या म्हणाल्या. आयुष्यात मला त्यांच्या पाया पडावंसं मनापासून वाटलं ते त्या दिवशी.

सहा आठवडे झाले. तारा कापल्या. आधी माझं वजन केलं, नऊ पौंड उतरलं होतं. मग इंदूचं. बारा पौंडांची पोर चौदाच्या वर गेली होती. डॉक्टर काट्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचं हरवलेलं वजन सापडलं." नर्स, सासूबाई, हे, सगळे हसत होते. मी तर कुस्ती मारल्यासारखी ताठ उभी होते.

घाई करू नका, हेही सांगते. तारा निघाल्या म्हणजे तोंड लगेच उघडत नाही. जबडा आखडलेला असतो, आणि तो किती उघडतो ते बोटांनी मोजतात. रोज थोडं थोडं करत तीन बोटं मावायला लागली की सुटलो. भाकरी चावायला मला आणखी महिना लागला.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आज एकच बोट मावेल. बघा प्रयत्न करून."

मी बोट तोंडाकडे नेणार तोच कडेवरच्या इंदूनं हात लांबवला. सहा आठवडे ती माझ्या तारा चाचपत होती आणि दार बंद बघून चिडत होती. आज तिचं बोट आत गेलं. मी ते दातांत हळूच धरलं. सहा आठवड्यांत मी चावलेली पहिली गोष्ट ती, आणि इंदू खदखदून हसली.