आधी बसून दाखवा

आमच्या सुतारमामांकडं मोजायची टेप होती, पण ती लाकडासाठी. माणसासाठी सुतळी. कुणी खुर्ची करून मागितली, की मामा रंधा बाजूला ठेवत आणि म्हणत, "आधी बसून दाखवा." यवतच्या एका पुढाऱ्याला त्यांनी असंच बसवलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि सांगितलं, "तुम्ही बसताच कुठं? तुम्ही पसरता. तुम्हाला दिवाण लागंल." माणूस मुकाट दिवाण घेऊन गेला.

माझी आणि मामांची गाठ पडली ती माझ्या पाठीमुळं. मी तेव्हा चौतीस वर्षांची. माझ्यासारखे ब्लाउज पंचक्रोशीत कुणी शिवत नाही असा गावाचा समज होता, आणि तो मीच पसरवला होता. शिवायला बसायचे ते तेलाच्या उलट्या डब्यावर गोधडीची घडी टाकून. मान मशीनमध्ये, पाठ विळ्यासारखी. ऐन लग्नसराईत एका सकाळी केर काढायला वाकले ती सरळच होईना. दौंडच्या डॉक्टरांनी बजावलं, "असंच बसणार असाल तर मशीन विकून टाका." सासूबाईंनी तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. मी मात्र हबकले. गावात मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी आई होते; माझ्या स्वतःच्या नावानं हाक मारत येणाऱ्या बाया फक्त त्या मशीनपाशी येत.

शेवटी आमचे हे वडगाव रासाईला जाऊन सुतारमामांना घेऊन आले. मामांनी सुतळी काढली. "आधी बसून दाखवा, सूनबाई."

आता परका माणूस समोर, सासूबाई दारात. मी आत गेले, इस्त्रीची साडी नेसले, पदर डोक्यावर घेतला आणि पाहुणे बघायला आल्यावर मुलगी बसते तशी ताठ बसले. पुतळा हलेल, मी हलले नाही. तोंडाला पावडरही लावली होती, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुतळीचं टोक सासूबाईंनी माझ्या गुडघ्याशी धरलं, कोपराशी धरलं, आणि मामांनी लांबूनच बघून गाठी मारल्या.

आठ दिवसांत खुर्ची आली. देखणी, उंच. तिच्यावर पावडर लावून बसलं तर फोटो छान आला असता. शिवायला बसले, तर पायडलवर जेमतेम चवडे टेकत, आणि सुई दिसायला पूर्वीपेक्षा वीतभर जास्त वाकावं लागे. पाठ आणखी बिघडली. मी बाजारात चार बायकांना सांगितलं, "सुताराचं माप चुकलं."

ते मामांपर्यंत गेलं असणारच. दोन दिवसांनी ते न कळवता आले आणि ओट्यावर सासूबाईंपाशी चहा पीत बसले. मी आत शिवत होते. पदर खोचलेला, मान खाली, जीभ दातात. अर्ध्या तासानं मामा दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, मी जिच्यासाठी खुर्ची केली ती बाई या घरात ऱ्हातच न्हाई."

सासूबाई इतक्या हसल्या की चहा सांडला. माझ्यामुळं त्या खुशीनं हसल्याचा तो पहिला प्रसंग.

मामांनी तिथंच करवत काढून खुर्चीचे पाय चार बोटं कापले. पाठ टेकायची फळी पुढं घेतली. मशीनच्या मागच्या बाजूला ठोकळे घातले, म्हणजे सुईच माझ्याकडं झुकली. मग मशीनची जागा. रस्त्यानं कोण चाललंय ते दिसावं म्हणून मी दाराकडं तोंड करून बसत असे. उजेड डोळ्यांत, कापड अंधारात. मामा म्हणाले, "सुई बघायची का गाव बघायचं, एक ठरवा." मी नाइलाजानं सुई ठरवली. खिडकी डाव्या हाताला आली.

सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याजवळचा पाण्याचा तांब्या उचलून पार स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. "पाणी हाताशी ठेवू नका. तहान लागली की उठा. चांगल्या खुर्चीतबी माणूस लाकूड होतंय." आणि सासूबाईंना म्हणाले, "आक्का, ही उठती का न्हाई, तुम्ही ध्यान ठेवा." सासूला सुनेवर खेकसायचा अधिकार कागदाशिवाय मिळाला. "ए, उठ गं" ही हाक पुढं अकरा वर्षं घुमली. मशीन राहिलं, पाठ राहिली आणि सासूबाईंची तब्येतही सुधारली.

करोनात माझी नात प्रज्ञा पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट घरी घेऊन आली. पलंगावर मांडी घालून काम, आणि रोज मानेला बाम. मग वर-खाली, मागंपुढं करायला पाच दांड्या असलेली महागडी खुर्ची मागवली, तरी बाम चालूच. मामा तेव्हा ऐंशीच्या घरात, मुलाच्या गाडीवर मागं बसून आले. त्या दांड्या बघून म्हणाले, "एवढे कान पिळूनबी मान दुखतीच व्हय?" पोरगी कॅमेऱ्यापुढं ताठ बसलेली. मी हळूच म्हटलं, "मामा, मीटिंग संपू द्या. रक्त माझं हाय." कॅमेरा बंद झाला आणि ती ओल्या फडक्यासारखी गळाली. मामांनी लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला येईल असा लाकडी खोका करून दिला आणि कीबोर्ड वेगळा आणायला लावला. बामाची बाटली आता मी वापरते, गुडघ्याला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मी वडगावला भेटायला गेले. शेवटचे दोन महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं सूनच करायची. रिकामी खाट पडवीत होती, तिच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा. मी विचारलं, एवढी उंच कशाला?

सून म्हणाली, "त्यांनीच लावून घेतल्या. मला पुसताना, कूस बदलताना वाकावं लागत हुतं, ते पडल्या पडल्या बघत बसायचे. मी म्हणले, आबा, उंच केली तर तुम्हाला उतरता यायचं न्हाई. तर म्हणले, मला आता कुठं उतरायचंय? तुला अजून लई वर्सं वाकायचंय."